चौदावा बिल्ला

"थांब. आत नको येऊ अजून," आमचे हे म्हणाले.

मी पिठाची परात घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभी, आणि हे आत सब्बल घेऊन माझ्या भिंती वाजवत होते. पहारीला आमच्याकडे सब्बल म्हणतात. एक ठोका मारायचा, कान लावायचा, हातभर पुढे सरकायचं. चुलीमागची भिंत झाली, फडताळाखालची झाली, मग जमीन झाली. शेवटी ते उठून बाजूला उभे राहिले आणि म्हणाले, "हां. आता ये. भाकरी कर."

आमचे हे म्हणजे आसाराम. ते होते तोवर मी कधी नाव घेतलं नाही, आता ते नाहीत म्हणून खुशाल घेते. खदानीत त्यांचं कामच हे होतं. पाळी आत शिरायच्या आधी एकट्याने पुढे जायचं आणि छत वाजवून बघायचं. घट्ट छत ठक्क बोलतं, पोकळ छत भद्द बोलतं. ह्यांनी हां म्हटल्याशिवाय कोणी आत पाऊल टाकत नसे. खदान बंद होऊन पंधरा दिवस झाले तरी हात थांबत नव्हते. लग्नाला सात वर्षं झाली होती, पण सलग पंधरा दिवस नवरा घरात बघायची ती माझी पहिलीच वेळ, आणि तो असा भिंतींशी बोलत होता.

एकदा मला जवळ बोलावून त्यांनी फडताळाखाली ठोका मारला. "आईक. भद्द. आत उंदरानं पोकळ केलं हाये."

मला तो फरक लगेच कळला. ते माझ्याकडे बघत राहिले. "तुहा कान चांगला हाये, दुर्पता," म्हणाले. सात वर्षांत त्यांनी माझं केलेलं हे पहिलं कौतुक. बाईचे डोळे चांगले म्हणतात, केस चांगले म्हणतात, माझा कान चांगला निघाला.

आमचा कवडीटोला चाळीस घरांचा. भाताची शेती थोडी, बाकी मोहफुलं, तेंदूपत्ता आणि तलावातली मासोळी. तेवढ्यावर वर्ष निघत नाही, म्हणून टोल्यातले चौदा गडी कोळशाच्या खदानीत होते. एक दिवस बस आणि पुढे एक रात्र गाडी, इतक्या लांब. वर्षातून दोनदा यायचे, दिवाळीला आणि धान लावणीला. त्या वर्षी होळी होऊन आठवडा झाला नसेल, तर भरदुपारी बस थांबली आणि त्यातून आमचे सगळे गडी उतरले. डोक्यावर खदानीच्या टोप्या, हातात डबे, कोणी कोणाशी बोलत नाही. खदान बंद पडली, ठेकेदाराने सगळ्यांना एका दिवसात काढलं, एवढंच कळलं.

उतरले ते तेरा होते. सेवंताकाकीचा सुकलाल त्यात नव्हता. बावीस वर्षांचं पोर, नकला करून अख्ख्या टोल्याला हसवायचं. काकी विधवा, तिला तेवढं एकच.

"त्याले दुसऱ्या खदानीत काम भेटलं, काकी," आसाराम म्हणाले. "तिकडंच रायला तो. चिठ्ठी धाडन म्हणे."

काकीला केवढा आनंद झाला! तेरा घरांत सुतक पडल्यासारखी शांतता, आणि ही घरोघर गूळ वाटत फिरली. "माहा पोट्टा पहिल्यापासूनच नशिबाचा," म्हणाली. त्या दिवशी मला तिचा हेवा वाटला, खोटं कशाला बोलू.

आलेल्या गड्यांचं काही खरं नव्हतं. त्यांना उघड्यावर बसवेना. वीस वीस वर्षं डोक्यावर हातभर अंतरावर छत असायचं, आता एकदम आभाळ. उरकुडाभाऊ त्यांच्यात वयाने मोठे, खदानीत छताला लाकडी टेकू लावायचं काम करायचे. ते अंगणात आले की मान वर करून म्हणत, "याले टेकू नाई गा कुठं," आणि परत आत जात. डोमा नावाचा एक दांडगा गडी धानाच्या रिकाम्या कणगीत जाऊन बसायचा, त्याची बायको तिथेच ताट देई. आम्ही बायका तेंदूपत्त्याला जायचो, पुडे बांधायचो, फडीवर म्हणजे पत्ता विकत घेतात तिथे टाकायचो, आणि घरी येऊन या मोठ्या माणसांना लहान लेकरांसारखं उठवून जेवू घालायचो. शेवटी एका सकाळी डोमा कणगीतून बाहेरच येईना. ताट नको म्हणाला, पाणी नको म्हणाला, बायकोला ओळखही दाखवेना.

त्या दिवशी आत्याबाईंनी कंबर कसली. आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई, पुनाबाई. त्यांचा शब्द टोल्यात कोणी खाली पडू देत नसे.

"यायचं पोट दुखून नाई रायलं, यायची पाळी चुकून रायली," त्या बायकांना म्हणाल्या. "पाळी लावा, मानसं उठतीन."

"आत्याबाई, पाळी कुठं लावता? खदान काय परसात हाये?" मी म्हटलं.

"देवळामागं कोरडी विहीर हाये ना. खोल करा म्हना. पानी लागलं त लागलं."

ठरलं. चूल एकच पेटवायची, घरटी तांदूळ द्यायचे, बायकांनी पाळीपाळीने रांधायचं. गड्यांनी विहीर खोदायची. दुसऱ्या दिवशी सकाळी आत्याबाईंनी शाळेत घंटा म्हणून टांगलेल्या रुळाच्या तुकड्यावर दगड हाणला आणि घसा फोडून ओरडल्या, "चला गाऽऽ, पाळी लागली!" आणि काय सांगू, तेराच्या तेरा घरांतून गडी बाहेर पडले. टोप्या घालून. डोमासुद्धा कणगीतून उतरून आला. बायका तोंडाला पदर लावून रडल्या. मीही रडले.

मी सातवी शिकलेली, म्हणून हजेरी माझ्याकडे आली. खदानीत प्रत्येकाचा पितळी बिल्ला असतो. आत जाताना माणूस तो फळीवरच्या खिळ्याला अडकवतो आणि बाहेर आला की काढून नेतो. फळीवर बिल्ला दिसला म्हणजे माणूस आत आहे. शेवटचा बिल्ला उतरल्याशिवाय पाळी सुटली असं म्हणायचं नाही. आम्हीही तसंच करायचं ठरवलं. तेलाच्या डब्याचा पत्रा कापून मी बिल्ले केले आणि विहिरीजवळ फळी ठोकली.

"चौदा काप," आसाराम म्हणाले.

"तुम्ही त तेराच जन ना जी?"

"चौदा म्हटलं ना."

चौदावा बिल्ला त्यांनी स्वतः खिळ्याला अडकवला आणि संध्याकाळी तो तसाच राहिला. रोज राहायला लागला. सेवंताकाकी येता-जाता त्याच्याकडे बघून हसायची. "माह्या लेकराची जागा राखून ठेवली पोट्ट्यायनं," म्हणायची. सगळ्यांत मोठी भाजीची वाटी ती स्वतः घेऊन यायची आणि म्हणायची, तिकडं माह्या पोराले कोनी असंच देत असन.

गडी जेवू लागले, बोलू लागले, पोरांना मांडीवर घेऊ लागले. आम्हाला वाटलं, सुटलो.

पण विहीर खोल होत नव्हती. माती तर ढिगाने वर येत होती. एकदा वाकून बघितलं तर तळ होता तिथेच होता, आणि एका बाजूला माणूसभर उंचीचं भोक पडलेलं. गडी आडवे चालले होते. बरं, पाणाड्याने पाणी मावळतीला सांगितलेलं, आणि हे खोदत होते उगवतीला.

"उरकुडाभाऊ, पानी त तिकडं हाये ना जी?" मी विचारलं.

"काम इकडं हाये, वहिनी," ते म्हणाले आणि दोर धरून उतरले.

मी आत्याबाईंना सांगितलं. त्यांनी तांदळातून मान वर केली नाही. "खाऊन रायले ना? झोपून रायले ना? मंग खोदू दे," म्हणाल्या. टोल्यात सगळ्यांनीच तसं मनाशी ठरवलं. कोणी कोणाला काही विचारायचं नाही. वैशाखात टेकूंना लाकूड कमी पडायला लागलं तेव्हा गडी घरोघर जाऊन खाटा घेऊन गेले, त्याही आम्ही मुकाट दिल्या. टोल्यात एक खाट उरली नाही. बाळंतीण होती उरकुडाभाऊंची सून, तीसुद्धा जमिनीवर निजली.

जमिनीवर निजायला लागलो आणि ते ऐकू यायला लागलं. आधी वाटलं उखळ असेल कोणाचं. दुपारी चुलीपाशी बसलं की पायाखालून ठक, ठक, ठक. भुयार घरांच्या खालून जात होतं. लेकरं जमिनीला कान लावून खेळायची. आम्हीही सवय करून घेतली. माणसाला कशाचीही सवय होते, आणि बाईला तर दुप्पट.

मग एका मंगळवारी, बाजाराच्या दिवशी, मी वरण फोडणीला टाकलं होतं. पायाखालून ठोके आले. मी पळी तशीच ठेवली. बाजाराच्या दिवशी पाळी नसायची. मी धावत देवळामागे गेले. तेरा खिळे रिकामे. तेराच्या तेरा गडी पिंपळाच्या सावलीत बसून बिडी ओढत होते, मी बोट दाखवून मोजले. आसाराम माझ्याकडे बघत होते.

"काय झालं?" त्यांनी विचारलं.

"काई नाई जी," मी म्हटलं.

घरी आले तेव्हा वरण करपलं होतं आणि जमीन गप्प होती. मी स्वतःची समजूत घातली की उंदीर असेल. पण त्या दिवसापासून अनवाणी पाय जमिनीवर टेकवायची मला भीती वाटायला लागली.

त्याच आठवड्यात मुरूम संपला आणि पांढरी ठिसूळ माती लागली. ती धरत नाही, हे आमच्याकडच्या शेंबड्या पोरालाही माहीत असतं. दोन दिवसांनी छताचा एक तुकडा डोमाच्या अंगावर आला, खांदा मोडला. त्याला दोरीने वर काढलं, हाडवैद्याकडे पाठवलं आणि बाकीचे बारा परत खाली उतरले. आत्याबाई विहिरीच्या काठावर आडव्या झाल्या. "बस झालं. वर या सारे. मी म्हणते ना, पाळी बंद!"

खालून आसारामचा आवाज आला. "छत चांगलं हाये, माय. मी वाजवलं."

आईने सांगून मुलगा ऐकत नाही, आणि तेसुद्धा आत्याबाईंचा! त्या काठावरच बसून राहिल्या. मला कळलं की आता कोणी काही करणार नाही. मी बारा जणांचे डबे टोपलीत भरले, पदर खोचला आणि दोर धरला.

"बाईनं नाई जाऊ आत!" उरकुडाभाऊ खालून ओरडले. खदानीत बाई उतरली तर अपशकुन म्हणतात. मी म्हटलं, "अपशकुन व्हायचा तो होऊन गेला, भाऊ. सरका."

आत उन्हाळा नव्हता. गार, ओलसर, कंदिलाच्या उजेडात पिवळं. डोक्यावर आमच्याच खाटांचे पाय आणि माचवे, ओळखीचे. एकावर माझ्या लग्नातली हळद अजून दिसत होती. मी चालता चालता हाताने छत वाजवून बघितलं. भद्द. दहा पावलांवर पुन्हा. भद्द. पंचावन्न पावलं मोजली मी, आणि एका ठिकाणीही छत ठक्क बोललं नाही. माझा कान चांगला म्हणणारा माणूस रोज हे छत वाजवून चांगलं म्हणत होता.

ते एकदम शेवटी होते, एकटे. बाकीचे अकरा जण दहा पावलं मागे बसून होते, जसे देवाच्या दारात बसतात. आसारामनी मातीला गाल लावला होता.

"छत भद्द बोलते," मी म्हटलं.

"मालूम हाये."

"मंग खोटं कायले सांगितलं आत्याबाईले?"

ते वळले. त्या उजेडात त्यांचं तोंड ओळखू येईना. "थोडंच रायलं," म्हणाले. "सुकलाल हाये तिकडं."

मी टोपली खाली ठेवली. मग तिथेच, मातीला पाठ लावून, त्यांनी सगळं सांगितलं. कवडीटोल्याच्या गड्यांची पद्धत होती, पाळी सुटली की रांगेत सगळ्यांनी उभं राहायचं नाही, एकानेच चौदा बिल्ले उतरवायचे आणि वाटायचे. ते काम यांचं. बंदी नव्हती असं नाही, पण हजेरीचा मुनीम एकाच गावचे इतके गडी बघून काही बोलत नसे. त्या दिवशी यांनी चौदा बिल्ले उतरवले. वाटताना एक हातात उरला. सुकलाल डबा विसरला म्हणून बाहेर येऊन तसाच परत आत गेला होता. तेवढ्यात छत आलं.

"मी सांगतलं ठेकेदाराच्या मानसायले, मानूस आत हाये म्हणून. मुनीम म्हणे, फळी पाह्य. फळीवर बिल्ला नाई, मंग आत मानूस कसा? पळून गेला असन. आमी तिथं दोन दिवस बसलो. खालून ठोके येत होते, दुर्पता. तीन तीन. मंग त्यायनं पानी सोडलं आन् खदानीचं तोंड बांधून टाकलं." त्यांनी हात कंदिलापुढे धरला. "फळीवर बिल्ला असता त काढावं लागलं असतं त्याले. मी उतरवला. ह्या हातानं."

"पन ती खदान कुठं, हा टोला कुठं जी!"

"मले मालूम हाये. मी येडा नाई." मग एकदम लहान आवाजात म्हणाले, "नाईतर हाओ येडा. बसमधनं उतरलो आन् इथं पायाखाली तेच ठोके. साऱ्यायले आईकू येते, पन आमी सारे तिथलेच. तू तिथली नाईस. तुहा कान चांगला हाये. तू आईक आन् सांग. तू नाई म्हटलं त मी येतो वर, आत्ताच येतो. पन खरं सांग."

त्यांनी सब्बल उचलली. मागचे सगळे उठून उभे राहिले. माझ्या डोक्यावरून चिमूटभर माती गळाली, मग आणखी एक चिमूट. मी मातीला कान लावला. त्यांनी तीन ठोके मारले.

मी डोळे मिटून ऐकलं, नीट, संपेपर्यंत ऐकलं. मग वळून त्यांच्याकडे बघितलं.

"काई नाई," मी म्हटलं. "माती हाये नुसती."

"काईच नाई?"

"काईच नाई जी."

त्यांच्या हातातून सब्बल गळाली. ते खाली बसले आणि तोंडावर मुठी दाबून रडले, आणि त्यांच्या मागे बाकीचे. मी एकेकाच्या दंडाला धरून उठवलं, ढकलत ढकलत विहिरीपर्यंत आणलं. सगळ्यांत शेवटी मी वर आले.

वर आल्यावर आसाराम कोणाशी न बोलता फळीपाशी गेले. चौदावा बिल्ला काढला, कमरेच्या पिशवीतून खरा पितळी काढला आणि दोन्ही घेऊन सेवंताकाकीच्या अंगणात जाऊन बसले. मागे आम्ही सगळे. काकी तांदूळ पाखडत होती. सूप बाजूला ठेवून तिने सगळं ऐकून घेतलं. मला वाटलं ही आता यांचा जीव घेईल, आणि घेतला असता तर मी अडवू शकले नसते.

तिने पितळी बिल्ला पदराने पुसला.

"डबा भेटला होता का त्याले?" तिने विचारलं.

"हो काकी. हातात होता. लांबून दाखवला मले. हासत होता."

"मंग उपाशी नसन गेला," ती म्हणाली, आणि पुन्हा सूप उचललं. पाखडता येईना तेव्हा आत्याबाईंनी ते तिच्या हातातून काढून घेतलं आणि तिला कुशीत ओढलं. तेव्हा कुठे तिने हंबरडा फोडला.

चार दिवसांनी भर दुपारी भुयार बसलं. देवळापासून शाळेपर्यंत जमीन कंबरभर खचली, उरकुडाभाऊंचा गोठा कलला, एक वासरू गेलं. माणूस एक गेलं नाही. त्या वेळेला रोज बारा गडी आत असायचे. टोल्यातल्या बायका माझ्या पाया पडल्या. पुढे त्या खचलेल्या जागेत पाणी साठायला लागलं, आम्ही बांध घालून त्याचा बोडीसारखा, लहान तलावासारखा वापर केला. गडी मासोळीला लागले, काही विटाभट्टीवर गेले. आसारामनी भिंती वाजवणं सोडलं. मला दोन लेकरं झाली. काकीला आम्ही घरी आणलं, ती आमच्याच चुलीवर जेवली आणि आमच्याच घरात गेली.

आसाराम मागच्या साली गेले. खोकल्याने. जायच्या आदल्या दुपारी त्यांनी मला जवळ बसवलं. "त्या दिवशी काईच नवतं ना वो?" त्यांनी विचारलं. चोवीस वर्षं झाली होती. मी त्यांचा हात धरला आणि म्हटलं, नवतं. ते शांत झोपले.

त्यांना सांगितलं नाही, काकीला सांगितलं नाही. आता ऐकायला कोणी उरलं नाही, म्हणून सांगते. तिकडे जिवंत माणूस असणं शक्य नव्हतं, हे मला तेव्हाही कळत होतं. अडीच महिने झालेले, खदान कुठल्या कुठे. माझा नवरा वाचला, अकरा घरचे अकरा वाचले, आणि पुन्हा तीच वेळ आली तर मी पुन्हा तेच बोलेन. पण मातीचा नुसता घुमारा असता, तर ह्यांच्या तीन ठोक्यांना तीनच ठोके परत आले असते. पाच आले. पहिले तीन सावकाश, आणि मग, मी कान काढायच्या आत, घाईघाईने दोन.

मी पाचही मोजले, आणि म्हटलं, काई नाई.